शाळेचे वर्ष आणि समुद्राचे वर्ष

सिंधुदुर्गच्या किनारपट्टीवर कामाचे वर्ष पावसाळा ओसरला की सुरू होते आणि मे महिन्याच्या अखेरीस संपते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत मालवण, तारकर्ली, देवबाग येथील प्रवासी होड्या आणि जलक्रीडाही थांबवल्या जातात. काजू आणि आंबा त्याआधीच उरकलेला असतो. शाळेचे वर्ष मात्र जूनच्या मध्यावर सुरू होते. म्हणजे मुले शाळेत जाऊ लागतात तेव्हा आईच्या हातचे काम सुटलेले असते, आणि दिवाळीत व मे महिन्यात किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते तेव्हा शाळा बंद असते. मुलासाठी चार-सहा वर्षे काम सोडलेली आणि आता पुन्हा कामाला लागू पाहणारी स्त्री या भागात पहिल्यांदा अडते ती इथे. तिच्याविषयीची चर्चा मात्र कौशल्य, आत्मविश्वास आणि कर्ज या तीन शब्दांभोवतीच फिरत राहते.

शहरात हा विषय आता अपरिचित राहिलेला नाही. टाटा समूहाने २००८ मध्ये खंडानंतर कामावर परतणाऱ्या स्त्रियांसाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला; केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने तर त्याआधीच, मुलांसाठी संशोधन सोडलेल्या स्त्री शास्त्रज्ञांकरिता शिष्यवृत्त्या ठेवल्या होत्या. 'करिअर ब्रेक' हा शब्द मराठी घरांत सहज बोलला जातो. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. या तरतुदी पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतल्या गेल्या व ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. या साऱ्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि, यांतील प्रत्येक सोय कागदावर नोकरी असलेल्या स्त्रीसाठी आहे, आणि तिचा भर मूल सहा महिन्यांचे होईपर्यंतच्या काळावर आहे. सहा महिन्यांनंतर शाळेचे दप्तर पाठीवर येईपर्यंतचा जो काळ असतो, त्यातच बहुतेक स्त्रिया काम सोडतात. त्या काळाविषयी कायदा फारसे बोलत नाही.

मालवणच्या किनाऱ्यावर तर कायद्याची ही छत्री उघडतच नाही. पन्नास कर्मचाऱ्यांची अट लावली, तर खाणावळी, निवास-न्याहारीची घरे, मासळी सुकवण्याची खळी, लहान काजू कारखाने यांपैकी जवळजवळ काहीच तिच्यात बसत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात पाळणाघराची अट ३० हून अधिक स्त्री कामगारांची होती. नव्या संहितांनी स्त्री-पुरुष मिळून ५० कामगारांचा निकष लावला. घरून काम करण्याची मुभा मालक आणि कर्मचारी यांच्या संमतीने देता येईल असेही कायद्यात आहे; बांगड्याची टोपली घरून विकता येत नाही, एवढेच त्यावर म्हणता येईल. असंघटित क्षेत्रातील मातेच्या वाट्याला येते ती प्रधानमंत्री मातृवंदना योजना. पहिल्या अपत्यासाठी तिची रक्कम ५,००० रुपये आहे. एका बाजूला २६ आठवड्यांचे पूर्ण वेतन आणि दुसऱ्या बाजूला हे पाच हजार, या दोन टोकांमध्ये देशातील बहुसंख्य स्त्रिया उभ्या आहेत.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. किनाऱ्यावरील स्त्रीच्या आयुष्यात 'खंड' असा दिसून येत नाही. मूल लहान असताना ती लिलावाला जात नाही, बाजारात बसत नाही, दुसऱ्याच्या खाणावळीत भाकऱ्या थापायला जात नाही. पण त्याच काळात ती आमसुले वाळवते, कुळथाची भरडणी करते, दिराच्या होडीची जाळी सांधायला हात लावते, गणपतीत मुंबईहून आलेल्या पंधरा माणसांचा स्वयंपाक करते. (कोकणातील शाळा गणपतीची सुट्टी घेतात ती चाकरमान्यांच्या सोयीची, त्या आठवड्यात घरातल्या बाईचे काम दुप्पट होते, हे कोणत्याही वेळापत्रकात नसते.) नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमसहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर पोचला. या वाढीचे कौतुक झाले. परंतु तिचा मोठा भाग ग्रामीण स्वयंरोजगाराचा आहे, आणि त्यात घरच्या धंद्यात बिनमोबदला मदत करणाऱ्या स्त्रियाही मोजल्या जातात. म्हणजे आकडेवारीच्या लेखी जी स्त्री आधीच कामावर आहे, ती स्वतःच्या दृष्टीने अजून कामावर परतलेलीच नसते. बँकेच्याही लेखी ती परतलेली नसते. कारण कर्जाच्या अर्जाला लागणारा उत्पन्नाचा पुरावा तिच्याजवळ नाही.

मग पूर्वी हे कसे निभत होते? कारण या किनाऱ्यावरच्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आल्या आहेत. गिरणगाव भरात होते तेव्हा कर्ता पुरुष मुंबईत आणि बाकीचे सारे घर गावात, अशी विभागणी होती. मनिऑर्डर यायची, ती पुरायची नाही, आणि उरलेले स्त्रिया भागवीत. ते शक्य होई, कारण घरात सासू असे, थोरली जाऊ असे, वाडीत आतेसासू-चुलतसासू असत. मुलाला ठेवायचे कुठे, हा प्रश्न प्रश्नाच्या रूपात उभाच राहत नसे. याचा अर्थ ती व्यवस्था सुखाची होती असा नव्हे. त्यात सुनेच्या बाहेर जाण्यावर सासूचा शब्द चाले, आणि मुलाला सांभाळण्याची किंमत पैशात नसली तरी आज्ञापालनात मोजली जाई. पण ती होती.

जनगणनेचे आकडे या व्यवस्थेचे जाणे दाखवतात. २००१ मध्ये सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १,०७९ स्त्रिया होत्या, २०११ मध्ये १,०३६. याच दशकात जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे घटले. १९८२ च्या गिरणी संपानंतर 'पुरुष मुंबईत, बाई गावात' हे सूत्र मोडू लागले, आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर गाव-मुंबई अंतर कमी झाले. आता तरुण जोडपे एकत्रच पनवेलला, पुण्याला, गोव्याला जाते. गावात राहतात ती वृद्ध माणसे. जी तरुण स्त्री मागे राहते, तिच्या घरी मूल सांभाळायला हात कमी आणि सांभाळ करून घ्यायला माणसे जास्त, अशी स्थिती होते. सासू आहे, पण तिचे गुडघे गेलेले आहेत. परतू पाहणाऱ्या स्त्रीपुढे मुलाबरोबर सासऱ्याच्या पथ्यपाण्याचाही प्रश्न असतो, आणि तो मुलाच्या प्रश्नासारखा पाच वर्षांनी सुटत नाही.

कोकणाच्याच इतिहासातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. देवरुखच्या पार्वतीबाई आठवले (१८७०-१९५५) तरुणपणीच विधवा झाल्या, पदरी लहान मुलगा होता. पुढे त्या पुण्यात शिकल्या, धोंडो केशव कर्वे यांच्या अनाथ बालिकाश्रमाच्या कामाला त्यांनी आयुष्य दिले, त्या कामासाठी अमेरिकेपर्यंत गेल्या. १९२८ मध्ये त्यांचे 'माझी कहाणी' हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. त्यांच्या जिद्दीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे व ते योग्यच आहे. पण अण्णासाहेबांच्या पत्नी आनंदीबाई या पार्वतीबाईंच्या सख्ख्या भगिनी होत्या आणि कर्व्यांच्या घराचा आधार त्यांना होता, ही बाब त्या कौतुकात मागे पडते. बहिणीचे घर नसते तर देवरुखहून पुण्याला येऊन धडे गिरवणे त्यांना किती जमले असते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

मालवणच्या किनाऱ्यावर घराइतकीच कामाची जागाही बदलली. रापण ओढली जायची ती गावासमोरच्या पुळणीवर. घर आणि कामाची जागा यांत माडाच्या बागेइतकेच अंतर असे. मूल पुळणीवर खेळत असे, आणि रापणीत ज्यांचा वाटा, त्यांच्या घरच्या बायका मासळी तिथेच उचलत. यांत्रिक नौकांबरोबर मासळी बंदरावर उतरू लागली. लिलाव बोट येईल तेव्हा, पहाटे किंवा तिन्हीसांजेला. मासळी घेणाऱ्या बाईला आता एसटी किंवा रिक्षा पकडून बंदर गाठावे लागते, भांडवल हाताशी ठेवून मोठ्या व्यापाऱ्यांशी बोली लावावी लागते, बर्फ विकत घ्यावा लागतो आणि मग बाजार धरावा लागतो. या साखळीत जी स्त्री चार वर्षे बाहेर राहिली, तिची बाजारातली बसायची जागा दुसरीने घेतलेली असते आणि तिला उधारीवर मासळी देणारा तांडेल आता दुसरीला देत असतो. या धंद्यात पत ही कागदावर नसते, रोजच्या तोंडओळखीवर असते. चार वर्षांच्या गैरहजेरीनंतर ती पुन्हा पहिल्यापासून मिळवावी लागते. बचत गटाचे कर्ज भांडवल देऊ शकते, जागा आणि पत देऊ शकत नाही.

पर्यटनाने यावर एक वाट काढली असे म्हटले जाते, आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. निवास-न्याहारी योजनेखाली तारकर्ली-देवबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत घराघरांतून खोल्या काढल्या गेल्या. घर हीच कामाची जागा झाल्याने मुलाची आई कामावर परतते ती उंबरठा न ओलांडता. याची पूर्वपीठिकाही मराठी माणसाला ठाऊक आहे: गिरणगावातील खाणावळवाल्या बायका घरातच गिरणी कामगारांना जेवू घालीत, मुले तिथेच वाढत, आणि प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांच्या श्रमाला प्रथम बँकेच्या दारापर्यंत नेले.

पण घरातल्या कामाला एक दुसरी बाजू असते. पाहुण्यांचा चहा सहाला, न्याहारी आठला, जेवण दोनला आणि रात्री समुद्रावरून परतलेल्यांचे ताट अकराला. मे महिन्यात मुलाची खोलीही पाहुण्यांना जाते. आई घरात आहे आणि तरी मुलाला मिळत नाही, ही स्थिती कार्यालयात जाणाऱ्या आईपेक्षा सोपी आहे असे मानण्याचे कारण नाही. शिवाय हा धंदा कोणाच्या नावावर, हा प्रश्न उरतोच. राज्य सरकारने २०२३ मध्ये पर्यटनातील स्त्रियांसाठी 'आई' या नावाचे धोरण आणले. त्यात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा आहे, मात्र व्यवसाय स्त्रीच्या मालकीचा असावा लागतो. कोकणातील घरे आणि जमिनी सामायिक असतात. सातबाऱ्यावर आजेसासऱ्यापासूनची नावे, त्यांतली निम्मी मुंबईत आणि काही हयातही नसलेली. घरपट्टीचा उतारा सासऱ्याच्या किंवा थोरल्या दिराच्या नावे. ज्या घरात ती बारा वर्षे रांधते आहे, त्या घरात धंदा चालवण्यासाठी तिला पाच सहहिस्सेदारांची संमती मिळवावी लागते. धोरणाचे नाव आईचे असले तरी कागद आईच्या नावाचे नाहीत.

त्या मानाने सामूहिक प्रयत्नांकडे अधिक लक्ष जायला हवे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या स्त्रियांनी २०१७ पासून कांदळवनाची सफर सुरू केली. स्वतः होडी वल्हवत त्या पर्यटकांना खाडी दाखवतात. या उपक्रमाचे वर्णन नेहमी निसर्गरक्षणाच्या अंगाने होते. मुलांच्या आयांच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. गटाने चालणाऱ्या कामात पाळ्या वाटून घेता येतात. एकीचे मूल तापाने फणफणले तर दुसरी होडीवर जाऊ शकते, आणि पहिलीची जागा जात नाही. बाजारातल्या एकट्या मासेविक्रेतीला ही सोय नाही. काजू सोलणाऱ्या बाईला ती अर्धवट आहे: उक्त्या दराच्या कामात उशिरा आले तर मजुरी बुडते, पण काम राहते. मजुरी कमी असूनही लहान मुलांच्या आया काजूच्या कामाकडे का वळतात, याचे कारण बहुधा याच सवडीत आहे. २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेच्या दोनशे वर्षांच्या नोंदींवरून काय दाखवले? शिक्षण सारखे झाल्यावरही पहिल्या मुलानंतर स्त्री-पुरुषांच्या मिळकतीत अंतर पडते, आणि जे काम वेळीअवेळी हजर राहणाऱ्यालाच भरपूर मोबदला देते, तिथे ते सर्वांत मोठे असते. त्यांचे दाखले वकिलांचे आणि वित्तसंस्थांचे आहेत. मालवणच्या लिलावालाही तेच लागू पडते. जी पहाटे हजर, तिला चांगली मासळी.

पगारी नोकरीकडे परतण्याची आशा ज्यांनी धरली, त्यांची कथा आणखी निराळी. सिंधुदुर्ग हा साक्षर जिल्हा, डी.एड. करून प्राथमिक शिक्षिका होणे हा येथील मध्यमवर्गीय घरांतील मुलींचा रूढ मार्ग होता. २००८-०९ च्या सुमारास पदविका घेतलेल्या मुलीचा विचार करावा. मे २०१२ मध्ये राज्याने शिक्षक भरतीवर बंदी घातली. त्यानंतरची अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली, त्यापुढची २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि तिसरी २०२५ मध्ये. दरम्यान तिचे लग्न झाले, दोन मुले झाली. २०१६ पासून सरकारी सेवेत प्रवेशाची कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ आहे. एकविसाव्या वर्षी पात्र ठरलेल्या त्या मुलीने २०२५ ची परीक्षा दिली असेल तर ती अडतिशीच्या उंबरठ्यावर होती. तिच्या आयुष्यातला खंड मुलांनी पाडला असे म्हणणे सोपे आहे; प्रत्यक्षात तो भरतीबंदीने पाडला, आणि मुले त्या रिकाम्या जागेत वाढली. जुलै २०२३ मध्ये तर शासनाने रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना मासिक २०,००० रुपये मानधनावर तात्पुरते नेमण्याचा निर्णय घेतला. पदविकाधारकांचा त्यावरचा संताप समजण्याजोगा होता. घराजवळची उरलेली नोकरी म्हणजे अंगणवाडीची. तिथे स्थानिक रहिवासी असण्याची आणि बारावी उत्तीर्ण असण्याची अट आहे, व वयाची मर्यादा ३५. विधवांसाठी ती ४०. मुले हाताखालून गेल्यावर बाहेर पडणाऱ्या स्त्रीला ही मर्यादा नेमकी दोन-तीन वर्षांनी चुकते.

या साऱ्या चर्चेत 'पालक' या शब्दाचा अर्थ आई असाच राहिला, हे वाचकाच्या ध्यानात आले असेल. तो दोष केवळ चर्चेचा नाही. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. पुरुष कर्मचाऱ्याला ती मिळते, पण पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तरच. धडधाकट पत्नी असताना पित्याने मूल सांभाळण्याचे प्रयोजन शासनाला दिसत नाही. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार देशात स्त्रिया घरकामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ८८. मालवणच्या किनाऱ्यावर हा भेद अधिकच डोळ्यांत भरतो, कारण बंदीच्या दोन महिन्यांत पुरुष घरी असतो. तो जाळी दुरुस्त करतो, होडी शाकारून ठेवतो हे खरे. पण पत्नीला त्या दोन महिन्यांत एखादे प्रशिक्षण घेता यावे म्हणून मुलांचे डबे त्याने पाहिले, असे घडणे विरळाच. सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२४ रोजी हिमाचल प्रदेशातील एका प्राध्यापिकेच्या प्रकरणात, स्त्रियांचा नोकरीतील सहभाग ही मेहेरबानी नसून घटनात्मक गरज आहे, असे म्हटले. ते प्रकरण दिव्यांग मुलाच्या आईला बालसंगोपन रजा नाकारल्याचे होते. न्यायालयाचे हे तत्त्व सरकारी महाविद्यालयाच्या भिंतीपलीकडे कसे न्यायचे, हे मात्र कार्यपालिकेने ठरवायचे आहे.

पलीकडे नेण्याचा मार्ग पाळणाघरातून जातो. १९७५ पासून चालत आलेली अंगणवाडी ही पाळणाघर नव्हे. ती पोषण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण यांसाठी आहे, तीन ते सहा वयाची मुले तिथे बसतात आणि दुपारी घरी येतात. केंद्राच्या 'मिशन शक्ती'खालील 'पाळणा' योजनेत २०२२ पासून अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची कल्पना आहे: सहा महिने ते सहा वर्षे वयाची मुले, दिवसाला साडेसात तास. अशी १७,००० केंद्रे देशभर उभारण्याचे लक्ष्य ठेवले गेले. शेजारच्या कर्नाटकाने २०२३-२४ मध्ये 'कूसिन मने' या नावाने ग्रामपंचायतींच्या पातळीवर पाळणाघरे सुरू केली, ती मुख्यतः रोजगार हमीवरील स्त्रियांच्या मुलांसाठी. अहमदाबादेत 'सेवा' संघटनेने तर भाजीवाल्या आणि तंबाखू कामगार स्त्रियांच्या कामाच्या वेळा पाहून आपल्या बालसेवा केंद्रांची वेळ ठरवली. या तिन्हींपैकी मालवणला जवळचे उदाहरण अहमदाबादचे. इथे अडचण तासांची संख्या किती ही कमी आणि तास कोणते ही अधिक आहे. पहाटे पाच ते नऊ आणि सायंकाळी पाच ते नऊ, ऑक्टोबर ते मे, शनिवार-रविवार नक्की, मे महिन्यात पूर्ण दिवस, आणि त्यात आठ-दहा वर्षांची शाळकरी मुलेही. सकाळी दहाला उघडणारे आणि रविवारी बंद असणारे पाळणाघर बंदराजवळ बांधले, तर ते रिकामे राहील. मग गरजच नव्हती, असा अहवाल कोणीतरी लिहील.

पाळणाघराने सारे सुटेल असे मानणेही भाबडेपणाचे. डेन्मार्कसारख्या देशात सार्वजनिक पाळणाघरांचे जाळे दाट आहे. तरीही तेथील अभ्यासात पहिल्या मुलानंतर स्त्रियांची मिळकत दीर्घकाळात सुमारे २० टक्क्यांनी मागे राहते, असे आढळले. घरातली विभागणी बदलत नाही तोवर काही तफावत उरणारच. परंतु डेन्मार्कची स्त्री मिळकतीत मागे राहते, ती कामावर असूनच. मालवणची स्त्री अद्याप बंदरापर्यंत पोचण्याच्या टप्प्यावर आहे. जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये तिच्या खात्यात आले, त्यांनी घरात तिचा शब्द थोडा वजनदार केलाही असेल. पण पहाटे पाचला मूल घेणारे कोणी गावातच नसेल, तर त्या पैशाने ते विकत मिळत नाही.

पैशाचे शीर्ष नाही, अशी सबब येथे चालणार नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. जिल्हा वार्षिक योजनेतही महिला व बालविकासासाठी तीन टक्के निधी राखण्याचा निर्णय राज्याने घेतलेला आहे. किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींचे उत्पन्न पर्यटनामुळे वाढले असेल, तर ही दहा टक्केही वाढली असणार. ती शिवणयंत्रांच्या वाटपावर आणि पापड-लोणच्याच्या प्रशिक्षणावर जायची, की बंदराजवळच्या एका खोलीवर आणि दोन सेविकांच्या मानधनावर, हे महिला ग्रामसभेत ठरू शकते. अवघड प्रश्न मानधनाचा आहे. डिसेंबर २०२३ पासून राज्यातील अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी पन्नास दिवसांहून अधिक काळ संप केला, तो याच मुद्द्यांवर: वेतन, निवृत्तिवेतन, उपदान. पहाटेचे पाळणाघर आहे त्याच सेविकेच्या गळ्यात आहे त्याच मानधनात घातले, तर एका आईला कामावर पाठवण्यासाठी दुसरीला तिच्या मुलापासून दूर केल्यासारखे होईल. त्यासाठी नवी माणसे नेमावी लागतील, आणि ती नेमताना पस्तिशीची अट काढावी लागेल. मुले मोठी झालेल्या, चाळिशीतल्या, गावातच राहणाऱ्या स्त्रिया या कामाला सर्वांत योग्य. आणि कामावर परतू पाहणाऱ्यांत त्याच सर्वांत अधिक आहेत.